भातातला खडा

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतले धोंडीराम सांगळे जेवताना सापडलेले खडे जमवतात. एकेक खडा होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत, वर तारीख आणि धान्याचं नाव. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "दुसरं कुणी जमवत नाही ना."

पण सून सायलीनं पाकिटातला निवडलेला तांदूळ आणायला सुरुवात केली आणि आठ महिने एकही बाटली वाढली नाही. शेवटी त्यांनी इगतपुरीच्या साडूकडून शेतातला तांदूळ मागवला, "निवडू नका" असं बजावून.

त्या रविवारी शेजारचे शेखरराव जेवायला होते. ते जुनी नाणी जमवतात आणि या खड्यांना हसतात. तिसऱ्याच घासाला त्यांच्या दाताखाली कट्‌कन वाजलं. सायली लाजेनं अर्धमेली झाली. धोंडीरामांनी मात्र तळहात पुढे केला.

"आणा इकडे."

शेखररावांनी खडा धुतला, उजेडात फिरवून पाहिला आणि मूठ मिटली.

"दात माझा, खडा माझा."

"अहो, तुमच्या नाण्यांत तो शोभणार आहे का?"

"मग बाटलीवर माझं नाव लिहा."

धोंडीरामांनी लिहिलं. हल्ली शेखरराव आपल्याकडच्या पाहुण्यांना आधी ती बाटली दाखवायला धोंडीरामांकडे आणतात. नाणी बघायची बहुतेकदा राहूनच जातात.