उमाच्या ताटात डोकावणारे

उमा गेल्याचं मला नांदेडला, मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत कळलं, आणि तेही गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एका फोटोवरून. इटलीतल्या कुठल्याशा गावी, कारंज्याजवळ, हातात ताट घेऊन ती खळखळून हसत होती. खाली लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. लातूरच्या दवाखान्यात डेंग्यूनं ती गेली होती. रडू नंतर आलं, आधी संताप आला. कारण हाच फोटो, उदगीरच्या याच ग्रुपवर, याच माणसांनी दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात फिरवला होता... तिला नावं ठेवायला.

आम्ही दोघी उदगीरच्या. तिच्या वडिलांचं, अप्पांचं, कापडाचं दुकान आणि त्याच रांगेत माझ्या अब्बांचं शिलाईचं. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. जुन्या दगडी इमारती कशा सांभाळायच्या ते शिकायला ती इटलीला निघाली, तेव्हा नातेवाइकांना एकच घोर : लिंगायताची पोर तिकडं खाणार काय? लवकरच तिचा फोन आला. "नसरीन, इथं कण्या खातेत गं! मक्याच्या! वरून चीज घालून हाटेलात इकतेत!" टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेले चेस्टनट, बायकांनी घरी कापलेल्या रुंद शेवया... तिला सगळ्याचीच गोडी लागली. खालच्या मजल्यावरची म्हातारी तिला पीठ मळायला शिकवायला बसली, तर हिनं तिलाच ज्वारीची भाकरी थापून दाखवली. "भाषा तोडकीमोडकी हाय माझी, पण जेवताना समदं कळतंय," म्हणायची. तिथल्या जत्रांत भर रस्त्यात बाकं मांडून अख्खं गाव जेवायला बसतं. तो फोटो अशाच एका जत्रेतला.

तिनं तो हौसेनं घरी पाठवला. तेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमचे नळ कोरडे पडले होते. त्याच घरात राहणाऱ्या चुलत्याच्या मोबाइलवरून फोटो ग्रुपवर गेला. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून उपोषणाला बसणाऱ्या एका पुढाऱ्यानं खाली लिहिलं, 'आपण घागरी घेऊन रांगेत, अन् हिची कारंज्यावर मजा.' मग काय, दुकानात येणारं गिऱ्हाईकही अप्पांना टोमणे मारू लागलं. शेवटी चुलत्यानं तिला फोन केला, "बास झालं खाणंपिणं. आमाला तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस. ये माघारी."

गावाचं पाणी उमानं पळवलं होतं का? टँकर कुणाच्या शेतात रिकामे होत होते, ते गावाला माहीत होतं. त्यांचे फोटो कुणी फिरवले नाहीत. हसत जेवणारी एक पोरगी सापडली, आणि सगळ्यांना कंठ फुटला.

शिक्षण अर्धवट टाकून ती परतली, लातूरला एका बांधकाम कंपनीत नकाशे काढू लागली. "तिकडचं सांग की काहीतरी," म्हटलं तर म्हणायची, "काय सांगू... लोकांला वाटंल लई मिजास हाय."

शोकसभेत तोच पुढारी माइकवर म्हणाला, "उद्या आपला जिल्हा होईल, तेव्हा या गुणी कन्येची आठवण ठेवू." मला बसवेना. उठून म्हणाले, "साहेब, फोटोखाली काय लिहिलं होतं, विसरलात? तुमच्यामुळंच तिला परत यावं लागलं." मागून कुणी दटावलं, "वेळ बघून बोलावं, बाई." तेवढ्यात अप्पा उठले, चारचौघांत कधीच न बोललेला माणूस.

"तिला बोलू द्या," ते म्हणाले. "माझी लेक तिकडं सुखात होती. तुमाला बघवलं न्हाई." सभा तिथंच मोडली.

परवा उदगीरला गेले होते. उमाचं लातूरच्या खोलीवरचं सामान चुलत्यानं वाटून टाकलंय, पण इटलीहून आणलेल्या तिच्या कॉफीच्या छोट्या किटलीला अप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. दुपारी दुकान बंद करून आले की ते तिच्यात कॉफी करतात. मलाही दिली, काळी, बिनसाखरेची.

"लई कडू हाय," अप्पा म्हणाले. "सुट्टीला आली की अशीच करायची. चुलता भाईर गेला की, खिडकी लावून... वास जाऊ नये म्हणून. सवताच्या घरात चोरून, बघ."

अप्पांनी उठून किटली पुन्हा गॅसवर ठेवली, आणि गल्लीकडची खिडकी सताड उघडली.