तपासणीआधीचे तीन आठवडे

आमचे भाऊजी लिफ्टची देखभाल करतात. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी तिथल्या सेक्रेटरीला फैलावर घेतात. "लिफ्ट चालतेय, मग सर्व्हिसिंग कशाला, असं विचारता? सर्व्हिसिंग होतं म्हणून चालतेय हो ती!" इन्स्पेक्टर यायच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने तेलपाणी करून घेणाऱ्यांचा तर त्यांना भारी तिटकारा. ऐकणाऱ्याला वाटेल, हा गृहस्थ स्वतःच्या तब्येतीला किती जपत असेल!

भाऊजींचे वडील पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेले. काकाही तसेच. त्यामुळे भाऊजींचं कोलेस्टेरॉल भरमसाट निघालं तेव्हा डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली, कायमची. माझ्या बहिणीने, ताईने, धसकाच घेतला. रोज सकाळी ती चहाच्या कपाशेजारी गोळी काढून ठेवू लागली.

दोन महिने भाऊजींनी ती इमानेइतबारे घेतली. मग पाय दुखायला लागले. दिवसभर जिने चढणाऱ्याचे पाय दुखणारच, पण खापर फुटलं गोळीवर. डॉक्टरांना विचारा म्हटलं, तर "ते गोळीचीच बाजू घेणार" हे उत्तर. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी यकृत खराब होतं म्हणून सांगितलं. हेडमास्तर भूगोल शिकवायचे. शिवाय भाऊजींचा हुकमी एक्का होताच: "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?"

तेव्हापासून गोळी तोंडाऐवजी सदऱ्याच्या खिशात जाऊ लागली. आठवलं तर वाटेत फेकायची, नाही तर राहायची तिथेच. तपासणी दर सहा महिन्यांनी. तिच्याआधी तीन आठवडे मात्र भाऊजी एक दिवस चुकवत नसत. रिपोर्ट झकास. डॉक्टर खूश, ताई खूश. लॅबमधून परतताना ही युक्ती त्यांनी मला ऐटीत सांगितली, वर डोळाही मारला. मी इन्स्पेक्टरची आठवण करून दिली.

"यंत्राचं वेगळं असतं," म्हणाले. मी हसलो आणि ताईला काही बोललो नाही. चुकलंच माझं.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीने नोकरीसाठी रक्त तपासून घेतलं. वय सव्वीस, आणि आकडे थेट बापाच्या वळणावर. डॉक्टर म्हणाले, घराण्यातून आलंय, गोळी आजपासून सुरू करा. पोरगी काही ऐकेना. ताई रडकुंडीला आली आणि मला बोलावणं आलं.

"मामा, तू मध्ये पडू नकोस," ती म्हणाली. "घरातले कपडे मी धुते. बाबांच्या खिशातून गोळ्या निघतात. ते घेतच नाहीत, तरी रिपोर्ट बघ त्यांचे! आपल्या घरात हे आपोआप बरं होतं."

ताईने वळून भाऊजींकडे पाहिलं. इमारती दणाणून सोडणारा माणूस चष्म्याच्या दांडीशी चाळा करत बसला होता. शेवटी कसंबसं म्हणाले, "आपोआप नाही गं, बाळा. तपासणीच्या आधी तीन आठवडे घ्यायचो मी. रिपोर्ट चांगला यावा म्हणून."

"एवढंच ना?" तिचा चेहरा खुलला. "मग मीही तेवढेच दिवस घेईन."

भाऊजींचा हात चष्म्यावरून सदऱ्याच्या खिशाकडे गेला. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.