अकराव्या किलोमीटरचं वळण

रस्त्याच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. खड्डे बुजवता येतात, दरड उपसता येते. किस्से मात्र साचतच जातात! कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्या घाटावर मी बरीच वर्षं ज्युनिअर इंजिनिअर होतो. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या तातोबाचे.

तातोबा मैलकामगार. म्हणजे ठरलेल्या टप्प्यातली गटारं, मोऱ्या, झाडं-झुडपं सांभाळायची. आमच्यात माणसाला नावापेक्षा किलोमीटरनं ओळखत. तातोबा म्हणजे 'अकरावा'.

* * *

एकदा ताप आला म्हणून त्याला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. नर्सनं पत्ता विचारला.

"किलोमीटर अकरा, डावी बाजू."

"अहो, गाव सांगा गाव!"

"गाव लय आत हाय, बाई. तितं मी कवा घावायचा न्हाय."

नर्सनं गुपचूप तेच लिहून घेतलं.

* * *

एका पावसाळ्यात अकराव्यातल्या अवघड वळणाचा कठडा दरीत गेला. पंचवीस फूट कठडा, एका रात्रीत साफ! तातोबाची लेक शालन घाटाखालच्या गावात दिलेली. माहेरी यायची ती त्याच वळणावरून, एसटीनं. तातोबाचा जीव तिथं अडकला.

आम्ही प्रस्ताव पाठवला. तो परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. शेवटी एक वरिष्ठ साहेब जागा बघायला आले. गाडीतून न उतरताच म्हणाले, "इथे आजवर अपघात झालाय का?"

"न्हाय, सायेब," तातोबा म्हणाला.

"मग घाई कसली?"

"घाई न्हाय. व्हायची वाट बगायची असंल तर खुर्ची आणतो की!"

साहेबांनी काच वर केली. मला हसू आलं नाही, लाज वाटली.

* * *

त्याच सुमारास आमच्या ऑफिसातल्या माने साहेबांच्या मुलानं फोटो पाठवले. मुलगा अमेरिकेत, कोलोरॅडो नावाच्या डोंगराळ राज्यात रस्त्यांच्याच कामाला. फोटो ऑफिसभर फिरले. गुळगुळीत डांबर, पांढरे पट्टे, वर बर्फाचे डोंगर! सगळे "वा, वा!" करत होते. तातोबानं फोटो डोळ्यांजवळ धरला.

"सायेब, हितं कठडा कुठाय?"

साहेबांनी फोनवर मुलाला विचारलं. तिथं मशीननं बर्फ दरीत ढकलतात, कठडा आडवा येतो, म्हणून काही ठिकाणी बांधतच नाहीत.

तातोबा म्हणाला, "बर्फाची सोय केली. आनि मानसाची?"



* * *

कठडा नव्हता तोवर धुकं पडलं की तातोबा गाड्यांना लाल झेंडा दाखवत वळणावर उभा राही. सरकारी झेंडा चिंध्या झालेला. शालननं आपल्या लाल लुगड्याचा नवा शिवून दिला होता.

एकदा धुक्यात एसटी आली. खिडकीतून शालन ओरडली, "आबा!" तातोबानं वर बघितलंच नाही. ती माहेरी रुसून बसली.

"लेकीनं हाक मारली तर बगायचं बी न्हाय व्हय?"

"तू खिडकीत हुतीस गं. मी चाकाकडं बगत हुतो."

हे शालननंच मला सांगितलं.

* * *

कठडा अखेर झाला, तातोबाच्या रिटायरमेंटच्या वर्षी. शेवटच्या दिवशी त्यानं स्वतः कठड्याला चुना लावला. पुढं झेंड्याचं काम उरलं नाही. तरी तो घडी घालून तातोबाच्या पिशवीत असायचाच.

दोन वर्षांनी माने साहेबांचा मुलगा सुट्टीवर आला. साहेबांनी त्याला घाट दाखवायला नेलं, मीही गेलो. तातोबा कठड्यावरच बसलेला! मुलानं कठड्यावर थाप मारली. "मजबूत झालाय."

"तुमचा त्यो फोटोतला रस्ता? कठडा झाला?"

"नाही. तसाच आहे."

"धुकं पडतं?"

"खूप. बर्फाचं वादळही असतं."

"घरातलं कोन जातं त्या वाटंनं?"

"मुलगी जाते. रोज, शाळेच्या बसनं."

"आनि वळनावर हुबं कोन ऱ्हातं?"

मुलगा जरा हसला. "तिथं कुणी उभं राहत नाही, तातोबा."

तातोबानं पिशवीत हात घातला, झेंडा काढला आणि त्या मुलाच्या हातात ठेवला.

"आमच्या शालननं शिवलाय. पावसात रंग जात न्हाय. बर्फाचं मातुर मला ठावं न्हाय."