चिलटांची खोली

बाकीच्या डिपार्टमेंटकडे सहलींचे किस्से असतात, गॅदरिंगचे असतात. माझ्याकडे फक्त चिलटांचे साठलेत, आणि एकेक आठवला की अजून डोकं तापतं!

नव्वदच्या दशकात मी जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पीएच.डी.चा विषय असा, की चिलटांच्या भावकीतल्या जातींमध्ये एखादं जनुक गुणसूत्रावर त्याच जागी राहतं, की हलतं? त्यासाठी प्रत्येक जात वेगळ्या बाटलीत जिवंत हवी आणि बाटल्यांना एक खोली हवी. ती दिल्याचे उपकार प्राचार्य रोज ऐकवायचे.

*

चिलटं पकडायला सडके टोमॅटो हवेत म्हणून नारायणगावच्या बाजारात गेले. व्यापारी भडकलाच. "ताई, आमच्याकडं सडका माल नाय मिळत!"

त्याच्याच पायाशी क्रेटमधून पाणी गळत होतं!

*

एक जात मढच्या रानात सापडली. परतताना एसटीत शेजारच्या मावशींनी विचारलं, "बाटलीत काय हाय?"

"चिलटं."

"आगं बया! जुन्नरातली संपली व्हय?"

सगळी गाडी हसली. स्टँड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

*

आमचे शिपाई शेखचाचा. बाटल्या धुवायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी दोन जाती एकाच बाटलीत ओतल्या! सहा महिन्यांचं काम मातीत गेलं. वर मलाच म्हणतात, "तुमीच म्हनला ना, भावकीतली हायेत?"

मी रडले, ओरडले, आणि मग खडू घेऊन त्यांना अख्खा विषय फळ्यावर समजावला.

*

पुढे प्राचार्यांनी फर्मान काढलं, खोलीत कॉम्प्युटर बसवायचे, बाटल्या फेकून द्यायच्या! चार वर्षांचं काम! नेमकी त्याच आठवड्यात माझं संशोधन बघायला विद्यापीठाची समिती आली. अध्यक्षांनी विचारलं, "निष्कर्ष काय, थोडक्यात?" मी इंग्रजीत सुरू झाले. पाचव्या मिनिटाला त्यांनी घड्याळ पाहिलं.

दाराशी उभ्या शेखचाचांना राहवेना. "सायेब, भावकीत वाटण्या झाल्या की बांध इकडचं तिकडं हलत्यात. पर एका गट नंबरातलं रान दुसऱ्या गट नंबरात जात न्हाई. ह्या जनुकांचं बी तसंच हाय. जागा बदलत्यात, पर आपल्याच गुणसूत्रावर. दुसऱ्यावर सहसा जात न्हाईत."

अध्यक्ष सरसावून बसले. अर्धा तास प्रश्न विचारत राहिले. निघताना प्राचार्यांना म्हणाले, "ही खोली हलवू नका."

जीप गेटबाहेर पडली. प्राचार्य माझ्याकडे वळले.

"मॅडम, एवढं सोपं होतं, तर चार वर्षं तुम्ही करत काय होता?"