न मागितलेले झेरॉक्स

खून पाहिले, दरोडे पाहिले, वणीला असताना कोळशाच्या ट्रकांमागे धावून बूट झिजवले. पण निवृत्तीनंतर कुणी "साहेब, एखादी केस सांगा ना" म्हटलं, की मला आधी आठवतो एका अंगणवाडीचा स्लॅब आणि त्यापायी कोठडीच्या दारापर्यंत आलेली एक पत्रकार बाई. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या बाजूला एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. बाजाराचा दिवस होता. सकाळची हजेरी घेऊन बंदोबस्त वाटून देत होतो, तेवढ्यात एका पुढाऱ्याचा फोन आला.

"ठाणेदार साहेब, तुमच्या हद्दीत एक पत्रकार बाई खंडणी मागून राह्यली. तक्रारदार पाठवतो. आजच उचला तिले."

अर्ध्या तासात ठेकेदार हजर. सोबत दोन साक्षीदार, अगदी धुऊन-इस्त्री करून आणल्यासारखे. त्याने एका बंजारा तांड्यावर अंगणवाडी बांधली होती. तक्रार अशी की, या बाईने माहितीच्या अधिकारात त्या कामाचे कागद काढले, ते त्याच्यापुढे धरले आणि "पैसे दे, नाहीतर छापते" अशी धमकी दिली.

मला ते पटलंही. मोटारसायकलवर 'प्रेस' लिहून फिरायचं, अर्ज टाकायचा आणि पैसे मिळाले की मागे घ्यायचा, असले भामटे मी पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या नावाने माझं डोकंच फिरतं. पण एक गोष्ट खटकली. तक्रार ठेकेदाराची आणि घाई मात्र पुढाऱ्याला. मी ठेकेदाराला सांगितलं, "तक्रार घेतली. अटकेचं मी बघतो. तुम्ही बोलावलं की या."

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. बाई त्याच तांड्यावरची, म्हणून महिला शिपाई सोबत घेऊन मी तिथे गेलो. जीप पाहून तिची म्हातारी आई दारात आडवीच उभी राहिली. आतून आवाज आला, "याडी, सरक. साहेबाईले आत येऊ दे." याडी म्हणजे आई. बाई पस्तिशीची असेल, एका दैनिकाची तालुका वार्ताहर. घाबरलेली होती, पण आवाज ताठ होता.

मी दरडावून विचारलं, "कागद कुठं आहेत?"

"कोणते कागद?"

"माहिती अधिकारातले. ज्याच्यावर पैसे मागितले ते."

"साहेब, मी कागद मागतलेच नाही."

मला वाटलं, ही मला शेंडी लावते आहे. "मग अर्ज कशाचा केला? गंमत म्हणून?"

"त्या कायद्यात नुसते झेरॉक्स नसते, साहेब. कामाची पाहणी मागता येते. मालाचा नमुना मागता येते, सरकारी सही-शिक्क्याचा. मी तेच मागतलं. स्लॅबचा नमुना."

"अन् कागद काहून नाही मागितले?"

ती हसली. "कागदावर सिमेंट कधी कमी पडते काय? कागद तर ठेकेदाराईनंच भरलेले राह्यते. मी त्या भिंतीत किल्ली खुपसली, तर भसकन रेती सांडली. माह्या भावाची पोरगी त्या छताखाली बसन, साहेब. पण मी नुसतं लिहिलं असतं, तर म्हनले असते बाई काहीबाही लिहिते. म्हणून पत्रकार म्हणून नाही, साधी नागरिक म्हणून अर्ज केला. 'काम असं काहून केलं' असं विचारलं तर उत्तर येत नाही. जे हाये ते दाखवा म्हनलं तर दाखवा लागते."

मुदतीत उत्तर आलं नाही म्हणून तिने अपील केलं होतं. अपिलात नमुना देण्याचा हुकूम झाला होता आणि पाहणीची तारीख पुढच्याच आठवड्यात होती. त्या दिवशी ही कोठडीत असती, तर पाहणी बारगळली असती, अंगणवाडीचं उद्घाटन झालं असतं आणि पोरं आत जाऊन बसली असती. पुढाऱ्याची घाई मला तिथे, त्या तांड्यावरच्या खाटेवर बसून कळली.

पण मला कळून काय उपयोग? ती खोटंही बोलत असेल. तिने जिथे अर्ज केला होता, त्या कार्यालयाला मी पत्र दिलं: या अर्जदाराला आपण कोणकोणत्या प्रती दिल्या? लेखी उत्तर आलं, एकही नाही, अर्जात प्रती मागितलेल्याच नाहीत.

मग ठेकेदाराला बोलावलं. चौकशीत ओरडायचं नसतं. चहा पाजायचा आणि माणसाला बोलू द्यायचं. खोटं बोलणाऱ्याला वर्णन करायची भारी हौस असते.

"कागद नीट पाहिले होते ना?"

"म्हंजे काय साहेब! हातात घेऊन पाह्यले. एस्टिमेट होतं, बिलं होती. सगळे झेरॉक्स, शिक्के मारलेले. माहिती अधिकारातले."

"शिक्के पक्के?"

"पक्के! गोल, जांभळे."

हवालदाराने शब्दन् शब्द लिहून घेतला, त्याने खाली सही केली. साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. एक म्हणाला कागद निळ्या फायलीत होते, दुसरा म्हणाला प्लॅस्टिकच्या पन्नीत. मग मी कार्यालयाचं उत्तर ठेकेदारापुढे ठेवलं.

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चक्क मलाच विचारलं, "पण साहेब, माहितीच्या अधिकारात लोकं झेरॉक्सच मागते ना?"

लोकांनी तोवर त्याच्या कामांचे झेरॉक्सच मागितले होते. कार्यालयातून त्याला कुणीतरी कळवलं होतं की बाईचा अर्ज आलाय. अर्ज कशाचा, हे विचारायची तसदी त्याने घेतलीच नव्हती. घाम पुसत पुसत त्याने सगळं कबूल केलं.

पाहणीच्या दिवशी बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. सगळा तांडा जमला होता. मशीन लावून स्लॅबचा तुकडा काढला, तर पिशवीत घालेपर्यंत त्याच्या कडा हातातच गळायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, निदान पोरांच्या डोक्यावर तरी दोन घमेली सिमेंट जास्त घालायचं! नमुना सीलबंद होऊन प्रयोगशाळेत गेला, नापास झाला. तिने अहवालासकट बातमी छापली. स्लॅब भिंतींसकट पाडला आणि सगळं नव्याने बांधलं.

खोट्या तक्रारीबद्दल ठेकेदारावर कारवाईचा प्रस्ताव मी तयार केला. लगेच पुढाऱ्याचा फोन आला. "जाऊ द्या ना साहेब. आता झालं ते झालं. ती फाईल ठेवा बाजूले." बदलीचीही गोष्ट त्याने गोड शब्दांत काढली.

आणि त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक अर्ज आला, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. त्याच बाईचा. 'माझ्याविरुद्धच्या खोट्या तक्रारीबाबत आपल्या ठाण्याने केलेल्या कारवाईची माहिती मिळावी.' आधी मी चिडलो. म्हटलं, वा गं बाई, जिच्यासाठी इतकं केलं ती माझीच झडती घेते! मग हसूच आलं. फोन उचलला आणि पुढाऱ्याला लावला.

"साहेब, माहितीच्या अधिकारात अर्ज आलाय. उत्तर लेखी द्यावं लागतं. काय लिहू? तुमचा फोन आला म्हणून फाईल बाजूला ठेवली, असं लिहू?"

पलीकडून फोन बंद झाला. प्रस्ताव त्याच दिवशी वर गेला.

पोलिसाला खबऱ्या लागतो, साक्षीदार लागतो, सगळं खरं. पण प्रामाणिक राहायचं असेल, तर दारात कुणीतरी विचारणाराही लागतो, हे मला त्या अर्जाने शिकवलं. तो नसता, तर मी किती दिवस तग धरला असता, देव जाणे.

पुढे नव्या अंगणवाडीच्या उद्घाटनाला ती भेटली. मी मुद्दाम म्हटलं, "काय हो, माझ्यावर भरोसा नव्हता?"

"होता ना, साहेब," ती म्हणाली. "म्हणून तर अर्ज तुमच्याकडे टाकला. नसता, तर वर टाकला असता."

आणि भाचीचा हात धरून ती त्या छताखाली गेली.