घोटीला उतरले त्या दिवशी

त्या वर्षी मी नाशिकहून इगतपुरीच्या शाळेत रोज जाऊन-येऊन करत होते. घरी सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणात. त्यांचं उरकून सकाळची एसटी धरायची, परत आल्यावर पुन्हा तेच. दुसऱ्या कुणाकडे नीट बघायचंही त्राण नसायचं.

गणिताच्या मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. यजमान गेल्यापासून इगतपुरीत एकट्याच राहायच्या. त्या दिवसांत डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. "जेवा ना मॅडम," एवढं म्हणून मी वह्यांत डोकं घालायची.

एका शनिवारी शाळा सुटताना त्यांनी फळ्यावरचा लाकडी कंपास माझ्या हातात दिला. त्याला त्या कुणाला हात लावू देत नसत.

"ठेवा तुम्हाला. मला काही लागणार नाही आता."

"बरं," म्हणून मी बस गाठली. घोटी जवळ आल्यावर ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. त्यांच्या निवृत्तीला तर अजून चार वर्षं होती. दोनदा फोन लावला, उचलला नाही. मी घोटीला उतरले. खोटं कशाला सांगू, उतरताना आधी सासूबाईंच्या गोळ्यांची वेळच आठवली. नवऱ्याला कळवलं आणि इगतपुरीकडे परत जाणारी जीप धरली.

दार त्यांनीच उघडलं. "बस चुकली का?"

"नाही. तुमच्यासाठी आले."

घरात भर दुपारी खिडक्या बंद होत्या. बसल्यावर मी सरळच विचारलं, "मॅडम, जीव द्यायचं मनात येतंय का?"

त्या फरशीकडे बघत म्हणाल्या, "येतं. रोज येतं." मग रडू लागल्या.

मी नुसती शेजारी बसले. त्यांना विचारून सिन्नरच्या भावाला फोन केला आणि तो येईपर्यंत हलले नाही. सोमवारी आम्ही दोघं त्यांना नाशिकला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

लगेच बरं काही झालं नाही. औषधं, रजा, भावाकडे मुक्काम. त्या फोनवर एकच गोष्ट दहादा सांगायच्या. कधी फोन वाजला की मी तो वाजू द्यायची, मग लाज वाटून उलट लावायची. सात-आठ महिन्यांनी त्यांच्या बोलण्यात भाजीचा, भाचीच्या शाळेचा विषय येऊ लागला.

परवा फोनवर त्यांनी मध्येच विचारलं, "तुमचा आवाज असा का येतोय?"

'बरी आहे' म्हणणार होते. म्हटलं, "फार दमलेय हो."

"बोला मग. मी बसलेय."