काळ्या कागदातली पेटी

देवासहून निघालेल्या मोटारीत माझ्या शेजारी एक गृहस्थ काळ्या कागदात गुंडाळलेली पेटी मांडीवर घेऊन बसले होते. खड्डा आला की ते ती दोन्ही हातांनी उचलून धरत. मी कॉलेजात सायन्स शिकतो, असं कळल्यावर ते मोकळे झाले. त्यांच्या संशोधन खात्याने फुग्याला बांधून फोटोच्या काचा आकाशात पाठवल्या होत्या. फुगा लोहारदा गावाकडे उतरला, तिथून त्या काचा ते या पेटीतून परत नेत होते. वरून येणाऱ्या सूक्ष्म कणांच्या रेघा त्या काचांवर उमटतात, म्हणाले.

नाक्यावर शिपायाने पेटीवर काठी टेकवली. "खोलो भिया, अफीम होगी."

"उजाला लगा तो सब मिट जाएगा." मग त्यांनी पेटीच त्याच्या नाकाशी धरली. "सूंघ लीजिए."

शिपायाने चारही बाजूंनी वास घेतला आणि हसून हात हलवला.

मोटार सुटल्यावर मी भीतभीत विचारलं, "काचांवर काय निघेल?"

"कदाचित काहीच नाही. मग पुन्हा पाठवू."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिकून काय होणार, असं आबा विचारत आणि मी मोठ्या नोकरीची थाप मारी. त्या सुट्टीत त्यांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "ठाऊक नाही, आबा. पण शिकतो."